विश्लेषण : ऑफ-रोडसाठी पिकअप घ्यावी का? शेंद्र्याची काळी माती काय सांगते?

शेंद्रा एमआयडीसीत पिकअप ही नवलाईची गोष्ट नाही. सुट्या भागांचे क्रेट, पत्रे, छोटी यंत्रे, कॅन्टीनचा भाजीपाला असा कितीतरी माल इथे पिकअपमधूनच येतो-जातो. पण याच जालना रस्त्यावर आता दुसऱ्या जातीच्या पिकअपही दिसतात. चार दारांच्या, उंच, रुंद टायरांच्या आणि बहुतेक वेळा हौदा रिकामा असलेल्या. आठवडाभर कारखाना आणि रविवारी डोंगर, अशी हौस असणारे त्या घेतात. किंमत साधारण २५ ते ३५ लाखांच्या टप्प्यात. एवढी रक्कम गुंतवण्याआधी नेमके काय तपासायचे?

पिकअप आणि एसयूव्ही यांत फरक काय?

बाहेरून पाहता फरक एवढाच, की पाठीमागच्या डिकीच्या जागी उघडा हौदा असतो. खरा फरक खाली दडलेला आहे. टोयोटाच्या हायलक्स आणि फॉर्च्युनर या दोन गाड्यांचा मूळ आराखडा एकच आहे. मात्र फॉर्च्युनरच्या मागच्या चाकांवर कॉइल स्प्रिंग आहेत, तर हायलक्सला ट्रकसारखे कमानपाटे. इसुझुच्या व्ही-क्रॉसलाही मागे पाटेच आहेत.

पाटे वजन पेलण्यासाठी असतात. हौद्यात माल असला की ते नीट दबतात आणि गाडी शांत चालते. हौदा रिकामा असला की ते ताठ राहतात आणि खड्ड्यात मागची बाजू उडते. रिकाम्या पिकअपचे बहुतेक वजन इंजिनाकडे, म्हणजे पुढे असते. मागच्या चाकांवर भार कमी, म्हणून ओल्या मातीत तीच आधी घसरतात. शोरूमच्या बाहेर डांबरावर दहा मिनिटे चालवून यातले काही कळत नाही.

शेंद्र्याच्या परिसरात ऑफ-रोड म्हणजे काय?

समाजमाध्यमांवरचे बहुतेक व्हिडिओ वाळवंटातले किंवा बर्फातले असतात. शेंद्र्यापासून निघालेल्या गाडीला भेटतात तीन गोष्टी : काळी माती, मुरूम आणि काळा पाषाण.

काळी माती पाणी शोषून फुगते आणि चिकट होते. वाफसा आल्याशिवाय शेतकरी आपला ट्रॅक्टरही शेतात घालत नाही, यातच सगळे आले. पांदण रस्त्यावर पावसाळ्यात ही माती टायरच्या खाचांत घट्ट बसते. चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत गोळा होतो आणि मग इंजिन २०० अश्वशक्तीचे असो की ७५चे, चाक जागच्या जागी फिरते.

मुरूम वेगळाच फसवा. कडक चढावर तो सुटा पसरलेला असतो आणि चाकाखालून गोट्यांसारखा सरकतो. तिथे वेग नव्हे, संथ आणि सलग ताकद लागते. काळ्या पाषाणाच्या धारदार कडा टायरची बाजूची भिंत कापतात आणि तिथे पडलेले भोक सहसा पंक्चर काढून भागत नाही.

गाडी निवडताना याच तीन जमिनी डोळ्यांपुढे ठेवायला हव्यात.

‘फोर बाय फोर’ लिहिले म्हणजे झाले का?

नाही. या एका शब्दाखाली दोन वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात. त्याचे उदाहरण शेंद्र्यातच आहे. इथल्या स्कोडाच्या कारखान्यात जुळवणी होणाऱ्या कोडियाकवरही ‘फोर बाय फोर’ लिहिलेले असते. तिची यंत्रणा गरजेनुसार ताकद मागच्या चाकांकडे आपोआप वळवते. पावसाळी घाटासाठी ती उत्तम. पण तिच्यात लो रेंज नाही.

पिकअपमधली यंत्रणा जुन्या पद्धतीची असते. एरवी ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. चालकाने फोर-हाय निवडले की पुढचा आणि मागचा आस एकमेकांना बांधला जातो. फोर-लो निवडले की गिअरचे गुणोत्तर साधारण अडीच पटीने खाली येते. गाडी चालण्याच्या गतीने सरकते, पण चाकांवरची ताकद तेवढीच वाढते. मुरमाचा चढ यातच जिंकला जातो आणि उतारावर ब्रेक न जाळता खालीही येता येते.

ही यंत्रणा कोरड्या डांबरावर वापरायची नसते. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. आस बांधलेले असताना तो ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

तिसरी गोष्ट डिफरन्शियल लॉक. एक चाक हवेत किंवा चिखलात असले, की साधे डिफरन्शियल सगळी ताकद त्याच रिकाम्या चाकाला वाया घालवते. लॉक लावला की त्या आसावरची दोन्ही चाके एकत्र फिरतात. हायलक्सला मागच्या आसावर हा लॉक मिळतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा या एसयूव्हीला तो पुढे आणि मागे, दोन्हीकडे आहे.

शोरूममध्ये विचारायचे प्रश्न म्हणून तीनच : लो रेंज आहे का, लॉक आहे का, आणि हाती पडणाऱ्या नेमक्या व्हेरिएंटमध्ये आहे का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. इसुझुची हाय-लँडर दिसायला व्ही-क्रॉसची बहीणच, पण ती दोन चाकांच्या ताकदीवर चालते. व्ही-क्रॉसचेही टू बाय फोर रूप विकले गेले आहे. नाव तेच, यंत्रणा वेगळी.

लांबी कुठे नडते?

महिंद्राची तीन दारांची थार ३,९८५ मिलिमीटर लांब आहे. हायलक्स ५,३२५ मिलिमीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर थारचे २,४५०, तर हायलक्सचे ३,०८५ मिलिमीटर. व्ही-क्रॉसही याच मापाची.

शेताचा बांध ओलांडताना हा फरक कळतो. पुढची चाके पलीकडे उतरतात, मागची अजून अलीकडे असतात आणि मधले पोट बांधावर टेकते. चाके अधांतरी, गाडी अडकलेली. चाकांमधले अंतर जितके जास्त, तितका हा धोका मोठा.

ओढ्यात उतरताना आणि वर चढताना दुसरी अडचण. थार पुढून सुमारे ४१ अंशांचा चढ न घासता गाठते, हायलक्स २९ अंशांचा. मागच्या बाजूला थारचा कोन ३६, हायलक्सचा २६ अंश. पिकअपचे शेपूट लांब असल्याने नाल्यातून वर येताना मागचा बंपर आधी घासतो. घाटातल्या अरुंद वाटेवर किंवा पांदणीत गाडी वळवायची, तर पिकअपला चार वेळा पुढे-मागे करावे लागते.

उलट लांबीचा फायदाही आहे. लांब सरळ चढावर लांब गाडी अधिक स्थिर राहते आणि महामार्गावर ती कमी हेलकावते. समृद्धीवरून नागपूर आणि तिथून पुढे जंगलाकडे, अशा प्रवासाला पिकअप थारपेक्षा सोयीची ठरते.

बाजारात पर्याय कोणते?

महाराष्ट्राला पिकअप नवी नाही. टाटाची टाटामोबाइल पुण्यात १९८८ मध्ये तयार झाली आणि तिच्याच आराखड्यावर पुढे सिएरा उभी राहिली. नंतर टाटाची झेनॉन आणि महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे या हौशी लोकांसाठीच्या पिकअप आल्या आणि बंदही झाल्या. जुन्या बाजारात त्या अजून दिसतात. घेण्यापूर्वी चासीचा गंज, फोर-लोचा गिअर प्रत्यक्ष पडतो का आणि सुटे भाग कुठे मिळतात, हे पाहावे.

नव्या गाड्यांत हौशी वर्गासाठी प्रामुख्याने दोन नावे आहेत. इसुझु व्ही-क्रॉस २०१६ मध्ये भारतात आली. आंध्र प्रदेशातील श्री सिटीत ती बनते. आताचे तिचे १.९ लिटर डिझेल इंजिन १६३ पीएस ताकद आणि ३६० न्यूटन मीटर टॉर्क देते. टोयोटा हायलक्स २०२२ मध्ये आली. तिचे २.८ लिटर डिझेल इंजिन २०४ पीएसचे, टॉर्क मॅन्युअलमध्ये ४२० आणि ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन मीटर. भारतात ती फोर बाय फोर म्हणूनच मिळते.

दुसरा गट कामाच्या गाड्यांचा. महिंद्रा बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा यांच्या श्रेणीत फोर बाय फोरचे पर्याय राहिले आहेत. किंमत हौशी पिकअपच्या निम्म्याहून कमी, दुरुस्ती गावोगावी. आराम आणि सुरक्षेची साधने मात्र त्याच प्रमाणात कमी.

महिंद्राने स्कॉर्पिओ-एनवर बेतलेली ग्लोबल पिकअप १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाऊनमध्ये संकल्पना म्हणून दाखवली. टोयोटाने ३१ जुलै २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरमध्ये सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. म्हणून हायलक्स उद्या इथेच बनेल आणि स्वस्त होईल, असा अर्थ काढून खरेदी लांबवणे शहाणपणाचे नाही.

किमतींबाबत एक बदल झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तर मोठ्या एसयूव्ही ४० टक्क्यांच्या टप्प्यात गेल्या. त्यानंतर या दोन्ही पिकअपच्या किमती उतरल्या. जुन्या व्हिडिओतील किंमत धरून हिशेब करू नये.

हौद्यात किती वजन घेता येते?

इथे अनेकांचा अंदाज चुकतो. हौदा मोठा दिसतो, म्हणून टनभर माल चालेल असे वाटते. टाटा योद्धा २.०ची वहनक्षमता दोन टनांपर्यंत आहे. हायलक्सची मात्र अर्ध्या टनाच्याही आत. गाडी जितकी आरामदायी आणि जड, तितके वजनाला कमी वाव.

हिशेब सोपा आहे. आरसीवर गाडीचे रिकामे वजन आणि मालासह कमाल वजन, असे दोन आकडे असतात. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरते ती सगळी क्षमता, प्रवाशांसह. पाच माणसे प्रत्येकी ७० किलोची धरली, तर ३५० किलो तिथेच गेले. त्यावर लोखंडी बंपर, विंच, छतावरचा तंबू, जादा स्टेपनी आणि पाण्याचे कॅन चढवले, की गाडी कागदावर ओव्हरलोड होते. अपघात झाला, तर हेच कागद विमा कंपनी पाहते.

आधी इंजिन की आधी टायर?

काळ्या मातीपुरते उत्तर स्पष्ट आहे : टायर. शोरूममधून येणारे टायर बहुधा डांबराला प्राधान्य देणारे असतात. चिखलासाठीच्या टायरच्या खाचा रुंद असतात. फिरताना माती बाहेर फेकली जाते. पण डांबरावर ते आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकला कमी साथ देतात.

आठवड्याचे सहा दिवस सिडको ते शेंद्रा आणि सातव्या दिवशी म्हैसमाळ, असा वापर असेल, तर मधला मार्ग म्हणजे ऑल-टेरेन टायर. एकाच गाडीला १७ आणि १८ इंची रिमचे पर्याय असतील, तर दगडी वाटेसाठी लहान रिम बरे. टायरची भिंत उंच राहते आणि दगडाचा मार सोसते. सोबत हवेचे मीटर आणि छोटा पंप हवा. सुट्या मुरमावर आणि वाळूत हवा कमी केली की टायर पसरून पकड वाढते; डांबरावर परतण्यापूर्वी ती पुन्हा भरावी लागते.

टायर बदलूनही गाडी रुतणारच. तेव्हा गावातला ट्रॅक्टर येतो आणि टोचन लावतो. ते कशाला बांधायचे, हे गाडी घेतानाच पाहून ठेवावे. चासीला जोडलेला मजबूत हूक पुढे आणि मागे दोन्हीकडे हवा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर बांधून झटका देणे जिवावर बेतू शकते. तो गोळा तुटला, तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

पाटी पांढरी की पिवळी?

व्ही-क्रॉस आणि हायलक्स खासगी वापरासाठी पांढऱ्या पाटीवर घेता येतात. कामाच्या पिकअपची नोंद मालवाहू म्हणून, पिवळ्या पाटीवर होते. त्यामुळे वापरच बदलतो. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र लागते. विमा वेगळा, वेगावर ताशी ८० किलोमीटरचे नियंत्रक आणि हौद्यात माणसे बसवण्यास मनाई.

परवान्याची चिंता मात्र कमी झाली आहे. साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

शेंद्र्यातील लघुउद्योजकांना गाडी कंपनीच्या नावावर घेण्याचा मोह होतो. व्यक्ती आणि कंपनी यांच्यासाठी वाहन कराचे दर वेगळे असतात. त्यामुळे बुकिंगपूर्वी नोंदणीचा प्रकार, कर आणि विम्याचा प्रकार डीलरकडून लेखी घेतलेला बरा.

गाडी घेतली की हवे ते बदल करता येतात?

नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पुढे लावले जाणारे लोखंडी बुलबार रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाईच्या कक्षेत आणले. ते पादचाऱ्यांना घातक असतात आणि अपघातात एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतात.

मग पुढे बदलून घेऊ, या भरवशावर कमी क्षमतेची गाडी घेणे चुकीचे. जमिनीपासूनची उंची, लॉक, लो रेंज हे कारखान्यातूनच आलेले हवे.

चालवायची कुठे?

हा प्रश्न बहुतेक जण गाडी आल्यावर विचारतात. कन्नड परिसरातील डोंगर सुंदर आहेत, पण तिथे १९८६ पासून गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय आत जाणे गुन्हा. नदीपात्रे, तलावांचे काठ, किल्ल्यांचे पायथे यांनाही वेगवेगळे नियम लागू आहेत. दुसऱ्याच्या शेतात पिकात किंवा पेरलेल्या रानात चाक घालणे हे नुकसानच.

उरतात आपली किंवा परवानगी घेतलेली शेते, पडीक माळ, पांदण रस्ते आणि आयोजकांनी आखलेल्या मोहिमा. महिंद्राने इगतपुरीजवळ ऑफ-रोड चालवण्याचे प्रशिक्षण देणारी अकादमी उभारली होती. अशा ठिकाणी एक दिवस घालवला, तर आपल्याला नेमकी कोणती गाडी हवी हे लाखो रुपये घालण्याआधीच कळते.

पाण्याबाबत वेगळा इशारा. हायलक्ससाठी ७०० मिलिमीटर खोलीपर्यंतचे पाणी सांगितले जाते. हा आकडा संथ पाण्याचा. पुलावरून वाहणारे पाणी त्याहून कमी असले, तरी दोन टनांची गाडी बाजूला ढकलू शकते. इंजिनात पाणी गेले, तर साधा विमा अनेकदा तो खर्च देत नाही. शर्यती आणि चाचणी स्पर्धाही सर्वसाधारण पॉलिसीत वगळलेल्या असतात.

मग निवड कशी करावी?

कागद घेऊन तीन ओळी लिहाव्यात. वर्षातले किती दिवस गाडी खरोखर कच्च्या रस्त्यावर जाणार? ती जमीन चिखलाची, मुरमाची की दगडाची? आणि हौद्यात काय असणार?

तिसऱ्या ओळीला ‘काही नाही’ हे उत्तर आले, तर पिकअप घेऊ नये. रिकाम्या हौद्याची किंमत दर खड्ड्याला मोजावी लागते. अशा हौशी माणसाला आखूड, लो रेंज असलेली थार किंवा गुरखा अधिक दूर नेते आणि कमी ठिकाणी अडकते.

हौद्यात दुचाकी, सायकली, तंबू, शिधा किंवा शेतीचा माल नियमित असणार असेल आणि प्रवास लांबचा असेल, तर व्ही-क्रॉस किंवा हायलक्सला पर्याय कमी आहेत. त्या दोघींत निवड करताना अश्वशक्तीपेक्षा तीन गोष्टींना वजन द्यावे : त्या व्हेरिएंटमध्ये लो रेंज आणि लॉक, आरसीवरची वहनक्षमता आणि घरापासून सर्व्हिस सेंटरचे अंतर. गाडीची नेहमीची फेरी छोटी असेल, तर बीएस-६ डिझेलमधील काजळीचा फिल्टर साफ ठेवण्यासाठी तिला अधूनमधून महामार्गावर सलग चालवावे लागेल, हेही लक्षात घ्यावे.

आठवडाभर माल वाहून पोट भरणारी आणि सुट्टीला बांधावर जाणारी एकच गाडी हवी असेल, तर फोर बाय फोर कॅम्पर किंवा योद्धा कमीपणाची नाही. तिच्यात वाचलेल्या पैशांत चांगले टायर, पंप, टोचनाचा पट्टा आणि चालवण्याचे प्रशिक्षण, सगळे बसते.

अंतिम निर्णयाआधी एक चाचणी घ्यावी. डीलरकडे हौद्यात दोनशे किलो वजन टाकून आणि मग ते काढून, अशी दोनदा गाडी मागावी, तीही खडबडीत रस्त्यावर. मालाशिवायच्या फेरीत मागच्या सीटवर घरातल्यांना बसवावे. त्यांनी परत येऊन काय सांगितले, ते पुढची दहा वर्षे ऐकत राहावे लागणार आहे.